फळी धरणारी हवा

डोंगरकडा गावाहून तांड्याकडे जाताना केळीच्या बागा जिथे संपतात, तिथे उजव्या हाताला एक पत्र्याचं शेड लागतं. त्याच्यावर पाटी नाही, आणि तिची गरजही पडलेली नाही. पटाशीवर लाकडी हातोडा पडल्याचा आवाज रस्त्यापर्यंत येतो आणि लग्नाचे पाट, चौरंग, देव्हारा असलं काही हवं असलेला माणूस त्या आवाजाच्या मागाने बराबर तिथे पोहोचतो. हे देविदास आडे याचं शेड.

देविदास पन्नाशीच्या जरा अलीकडचा, अंगाने शेलाटा. कानावर पेन्सिल, केसांत भुसा आणि ओठांवर सदा काहीतरी गुणगुणणं. त्याच्या डाव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढीच बोटं आहेत. मधली तिन्ही बोटं चार वर्षांपूर्वी कडबाकुट्टीच्या यंत्रात गेली. तो ते इतक्या सहजपणे सांगतो की ऐकणाराच अवघडून जातो. कुणी दहा पाट मागितले तर दोन्ही पंजे वर करून तो म्हणतो, सात माझ्याजवळ आहेत, तीन तुमच्याकडून उसने द्या. हातोडा मारताना बोट चेचलं जायची भीती आता निम्म्याने उतरली, हेही तो वर सांगतो.

पण लाकूडकाम विनोदावर चालत नाही. नक्षी कोरताना उजव्या हाताने पटाशी लोटायची असते आणि त्याच वेळी डाव्याने फळी घट्ट दाबून धरायची असते. देविदासच्या उरलेल्या दोन बोटांत तेवढं बळ नव्हतं. शिकंजा लावून पाहिला, तर त्याचे दात सागवानाच्या कडेला उमटत, आणि वेलाचं एक वळण कोरून फळी फिरवायची म्हटली की शिकंजा सोडायला आणि पुन्हा आवळायला दोन धड हात लागत. पुष्कळ कारागीर फळी सरळ पायाखाली दाबतात. देविदासला ते जमण्यासारखं नव्हतं. ज्या पाटावर उद्या नवरा-नवरी बसणार, ज्या चौरंगावर कलश मांडणार, त्याला पाय कसा लावायचा? त्याच्या बापाने लावला नव्हता आणि तोही लावणार नव्हता.

मग फळी धरायला शकुंतलाबाई बसू लागल्या. शकुंतलाबाई म्हणजे त्याची बायको. अपघातानंतर देविदासने पहिल्यांदा पटाशी हातात घेतली त्या दिवशी त्या भाकरीचं पीठ लागलेले हात पदराला पुसत आल्या, समोर पोत्यावर बसल्या आणि फळीवर दोन्ही तळवे ठेवून म्हणाल्या, चालवा. तेव्हापासून चार वर्षं हाच नेम. सकाळी घरचं आटोपून दहाला बसायचं ते दिवस कलेपर्यंत. बसल्या बसल्या तांड्यातल्या साऱ्या बातम्या व्हायच्या, सेनगावला दिलेल्या लेकीचं, शिलाचं काय चाललंय ते व्हायचं, आणि मध्येच त्या हनुवटीने खूण करून सांगायच्या, "पान डावीकडं पळून राहिलं, सांभाळा." त्यांची नजर फार बारीक. पान खरोखरच डावीकडे पळत असायचं.

आणि का नसावी बारीक? कशिद्यासाठी शकुंतलाबाईंचं नाव आजूबाजूच्या पाच तांड्यांत होतं. लाल कापडावर पांढऱ्या, पिवळ्या, हिरव्या दोऱ्याची बांधणी, मध्ये आरसे, कडेला कवड्या. देविदास जी वेलबुट्टी लाकडात कोरायचा ती मुळात त्यांच्या कांचळीवरची, म्हणजे आरशांच्या चोळीवरचीच. गिऱ्हाइकं म्हणत, नक्षी वेगळीच आहे हो तुमची. देविदास म्हणे, माझी नाही, ही घरातून येते. पण त्या चार वर्षांत घरात नवीन कशिदा काही झाला नव्हता. सुई-दोऱ्याची पेटी पलंगाखाली गेली होती. दिवसभर फळी धरून मनगटं भरून आलेली बाई संध्याकाळी टाका कसा घालणार?

ही गोष्ट सुरू होते ती संक्रांतीनंतरच्या एका सकाळी. कळमनुरीहून सीमाताई आल्या. कळमनुरीत बायकांसाठी शिवण-भरतकामाचा वर्ग आहे, तो त्या बघतात. वर्गासाठी दोन चौरंग हवे होते. शकुंतलाबाई चहा टाकायला घरात गेल्या तेव्हा सीमाताई सहज बोलून गेल्या. आपल्याकडच्या कशिद्याचा नवा वर्ग होळीनंतरच्या सोमवारपासून काढतोय, शिकवायला तुमच्या मंडळींना दोनदा विचारलं, त्या दोन्ही वेळा नाही म्हणाल्या. घरी काम असतं म्हणाल्या. होळीपर्यंत आम्ही दुसऱ्या कुणाला विचारणार नाही, पण त्यानंतर जागा रिकामी ठेवता यायची नाही.

चहा आला, चौरंगाचं माप ठरलं, सीमाताई गेल्या. शकुंतलाबाई पोत्यावर बसल्या आणि फळीवर तळवे ठेवले. देविदासने त्या तळव्यांकडे पाहिलं. अंगठ्याखाली घट्टे पडले होते. हे घट्टे त्याच्या हाताला पडायला हवे होते. त्याने पटाशी उचलली. बोललो तर त्या हसून उडवून लावतील हे त्याला ठाऊक होतं. होळीला दीड महिना होता. तेवढ्यात फळी धरणारं दुसरं काहीतरी शोधायचं, एवढंच त्याने मनाशी ठरवलं.

शोध लागला तो जेवताना. सकाळची गरम खिचडी स्टीलच्या डब्यात भरून झाकण लावलं होतं. दुपारपर्यंत डबा निवला आणि झाकण असं बसलं की देविदासच्याने निघेना, शकुंतलाबाईंच्याने निघेना. रोज दुपारी शेडमध्ये येऊन बसणारे वसरामकाका, वय सत्तर आणि जीभ विशीतली, त्यांनीही हात लावून पाहिला आणि आजचा उपास दिसतो असं जाहीर केलं. शेवटी शकुंतलाबाईंनी चमच्याचं टोक झाकणाच्या फटीत घातलं, सुस्स झालं आणि झाकण आपण होऊन सुटलं.

देविदास घास हातात धरून तसाच बसला. त्याला सातवीतले गुरुजी आठवले. त्यांनी पेला काठोकाठ पाण्याने भरला होता, वर पोस्टकार्ड ठेवून पेला उलटा केला होता आणि पाणी सांडलं नव्हतं. कार्डाला कोण धरून आहे, असं त्यांनी विचारलं होतं. पोरांनी डिंक म्हणून सांगितलं होतं. मग गुरुजी म्हणाले होते, हवा. आपल्या सगळ्यांच्या अंगावर हवेचं ओझं आहे, दोन्हीकडून सारखं असतं म्हणून कळत नाही, एका बाजूची काढून घेतली की दुसऱ्या बाजूचं ओझं दिसतं.

फळीच्या खालची हवा काढून घेतली तर वरची हवा फळीला दाबून धरील. दिवसभर धरील, तिला घट्टे पडणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी तो वसमतच्या जीपमध्ये बसला. वसमतला प्रेमानंद म्हणून फ्रिज दुरुस्त करणारा त्याचा जुना दोस्त आहे. त्याच्या दुकानाच्या मागे मेलेल्या फ्रिजांची रांगच असते. देविदासने कॉम्प्रेसर मागितला तेव्हा प्रेमानंदला वाटलं, टायरमध्ये हवा भरायला हवा असेल. फ्रिजच्या कॉम्प्रेसरचा तसा उपयोग बरेच जण करतात. फुंकणारी नळी ठेवायची आणि ओढणारी नळी उघडी सोडून द्यायची.

"मला फुकनारी नको," देविदास म्हणाला, "मला ओढनारी पाहिजे."

प्रेमानंदने चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं, सगळं ऐकून घेतलं आणि कॉम्प्रेसर तर दिलाच, शिवाय त्याच फ्रिजच्या दाराचं रबर सोलून दिलं, हवा एकाच बाजूने जाऊ देणारा एक छोटा व्हॉल्व्ह दिला आणि ओढ किती आहे ते दाखवणारं काट्याचं घड्याळ दिलं. निरोप देताना बजावलं, हा गडी सारखा चालवशील तर तापून बसेल. एक टाकी जोड. टाकीतली हवा आधी ओढून ठेव, मग टाकी काम करील आणि कॉम्प्रेसर आराम करील.

टाकी कसली घ्यायची ते मात्र प्रेमानंद बोलला नाही, आणि देविदासने विचारलं नाही. कारण टाकी त्याच्या डोळ्यांसमोर होतीच.

घरात माजघराच्या कोपऱ्यात ज्वारीची पत्र्याची कोठी होती. शकुंतलाबाईंच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी, भिवाजींनी, दिलेली. पोटावर रंगाने लिहिलेलं होतं, 'चि. सौ. कां. शकुंतला हिस वडिलांकडून सप्रेम भेट'. ज्वारी अजून शेतात उभी होती, त्यामुळे कोठी रिकामी. देविदासचा विचार अगदी सरळ होता. या कोठीत दोन क्विंटल ज्वारी भरतो, ती बाराही महिने आतून रेटत असते, तरी पंचवीस वर्षांत पत्रा कुठे फुगला नाही. मग रिकामी असताना तिला काय होणार?

शकुंतलाबाई पाण्याला गेल्या होत्या. देविदासने कोठी शेडमध्ये आणली, झाकणाच्या फटी खिडकीच्या काचेला लावतात त्या लांबीने बुजवल्या, नळी जोडली आणि बटण दाबलं. कॉम्प्रेसर मांजरीसारखा गुरगुरू लागला. वसरामकाका बिडी विझवून सरसावून बसले. काटा हळूहळू सरकू लागला. दोन मिनिटांनी कोठीने टण्ण असा आवाज केला. देविदास म्हणाला, पत्रा ताणून राहिलाय, चांगलं लक्षण आहे. पुन्हा एकदा टण्ण. मग एखाद्या माणसाने पोट आत ओढावं तशी कोठी बारीक झाली, आणि पाठोपाठ असा धडाका झाला की केळीतली पाखरं उडाली.

धूळ बसली तेव्हा कोठीच्या जागी एक चुरगळलेलं काहीतरी उभं होतं, कुणीतरी मुठीत दाबून टाकलेल्या कागदासारखं. लिहिलेली ओळ घडीत गेली होती. वर फक्त 'सप्रेम भेट' एवढंच दिसत होतं. आणि दारात डोक्यावर हंडा घेऊन शकुंतलाबाई उभ्या होत्या.

त्यांनी हंडा उतरवला. आधी देविदासचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. सातही बोटं जागेवर आहेत अशी खात्री झाल्यावर त्या कोठीकडे वळल्या, तिला एक फेरी मारली आणि शांतपणे विचारलं, "ज्वारी आठ दिवसांत येईन. कुठं ठेवायची, तुमच्या टोपीत?"

वसरामकाकांनी तेवढ्यात साक्ष दिली की देविदासने हातसुद्धा लावला नव्हता, कोठी आपल्या मनानेच बसली. त्यांच्याकडे शकुंतलाबाईंनी ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर काका दोन दिवस शेडकडे फिरकले नाहीत.

देविदासला वाईट वाटलंच. पण त्याच्या मनाच्या एका कोपऱ्यात आनंदही मावत नव्हता. दोन क्विंटलला न वाकणारा पत्रा नुसत्या हवेने वाकवला होता. म्हणजे हवेचं ओझं गुरुजी सांगत होते त्याहून जबर होतं. चूक एवढीच झाली की कोठीला आतून रेटा सोसायची सवय होती आणि इथे रेटा बाहेरून आला. तो पुन्हा वसमतला गेला. हकीकत ऐकून प्रेमानंद दुकानाच्या पायरीवर बसून पोट धरधरून हसला, आणि मग त्याने भंगारातून एका जुन्या ट्रकच्या ब्रेकची हवेची टाकी शोधून दिली. जाड पोलादाची, गोल, दोन्ही टोकांना फुगीर. ही बस म्हटली तरी बसणार नाही, म्हणाला. येताना देविदासने नवी कोठीही आणली. दुकानदाराकडून तिच्यावर तीच ओळ तशीच्या तशी लिहून घेतली होती. शकुंतलाबाईंनी ती वाचली आणि विचारलं, "माझे वडील कधी आल्ते दुकानात?" पण कोठी पुसून जागेवर ठेवली. जुनी परसात गेली. महिन्याभरात तिच्या घडीत एक कोंबडी अंडी उबवायला बसली आणि दुसऱ्या कुठल्याही जागी बसायला तयार होईना.

पुढचे पंधरा दिवस देविदास संध्याकाळी काम संपलं की यंत्राला लागायचा. प्लायवूडचा जाड तक्ता घेतला, त्यात चौकोनी खाच पाडून तिच्यात फ्रिजच्या दाराचं रबर बसवलं, मधोमध भोक पाडून टाकीची नळी आणली. खाली जुन्या शिलाई मशीनचं पेडल जोडलं, सायकलच्या ब्रेकच्या तारेने. पुढे दाबलं की टाकीचा रस्ता उघडायचा आणि तक्त्यावरची वस्तू धरली जायची. टाचेने मागे दाबलं की बाहेरची हवा आत येऊन सुटायची. कॉम्प्रेसर फुंकताना तेलाचे बारीक तुषार उडवत होता, तर त्याच्या तोंडाला कापूस भरलेली बाटली बांधली. प्रत्येक काम एका हाताचं, त्यामुळे दुप्पट वेळाचं. दिवसा त्याच्यासमोर बसणाऱ्या शकुंतलाबाईंना वाटे, नवऱ्याला नवं खूळ लागलंय. लागू दे, जुगारापेक्षा बरं. पण हे खूळ कशासाठी ते त्यांनी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

पहिल्यांदा सनमायकाचा तुकडा तक्त्यावर ठेवला. देविदासने पेडल दाबलं. वसरामकाकांनी, आता त्यांना परत परवानगी मिळाली होती, तुकडा ओढून पाहिला. दोन्ही हातांनी ओढला. तक्त्यासकट टेबल हललं, तुकडा नाही. मग काकांनी देविदासला चिमटा काढला, पाटाला पाय लावणार नाही म्हणत होतास आणि आता पायानेच चालवतोस. देविदास म्हणाला, पाय पेडलला लागतो, पाटाला हवा लागते. हवेला कुणी पाय म्हणत नाही. काकांनी बिडी पेटवली.

मग सागवानाची फळी ठेवली. पेडल दाबलं. फळी धरली गेली, देविदासने पटाशी लावली, एक पापुद्रा निघाला, आणि दुसऱ्या रेट्याला फळी सरकून टेबलाच्या कडेला गेली. काटा विसावरून आठवर उतरला होता.

हवा कुठूनतरी आत शिरत होती. देविदासने सांधे पुन्हा आवळले, रबर बदललं, नळ्यांना टेप गुंडाळली. फळी सरकायची ती सरकायचीच. होळी आठ दिवसांवर आली. तांड्यात पोरी-बायकांची लेंगीची गाणी सुरू झाली, शिवारातून शिजत्या हळदीचा वास येऊ लागला, आणि देविदासचं गुणगुणणं बंद पडलं. वसरामकाकांनीही ते ओळखलं आणि चेष्टा आवरती घेतली.

एका दुपारी त्याला युक्ती सुचली. देवघरातली उदबत्ती आणून पेटवली आणि तिचा धूर प्रत्येक सांध्याशी नेऊन बघू लागला. जिथे हवा आत शिरत असेल तिथे धूरही वळणार. टाकीपाशी धूर सरळ वर गेला. नळीपाशी सरळ. रबरापाशी सरळ. शकुंतलाबाई बाहेरून येत होत्या. नवरा यंत्राभोवती उदबत्ती फिरवतोय हे बघून त्यांनी चपला दाराशी काढल्या आणि हात जोडून उभ्या राहिल्या. देविदासच्या ते लक्षातही आलं नाही. त्याने उदबत्ती फळीच्या कापलेल्या टोकाशी धरली होती, आणि धुराची रेघ वाकून सरळ लाकडात शिरत होती.

तो आपल्या जागी येऊन बसला. सागवानाची टोकं तेल पितात, पॉलिश पितात, हे तो पोरवयापासून जाणत होता. ती हवाही पितात, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. गळती यंत्रात नव्हतीच. लाकूडच श्वास घेत होतं. आता लाकडाला कुठून बदलणार?

शकुंतलाबाईंनी जोडलेले हात सोडले आणि त्याच्यासमोर येऊन बसल्या, रोजच्या जागी. घरात ती दोघं गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली बोलतात, त्या दिवशी काय बोलली ते मराठीत सांगायचं तर असं.

"एक इचारते," त्या म्हणाल्या. "माझ्या धरन्याचा तुमाला तरास व्हतो का?"

"तरास कशाचा?"

"मग हे काहून चाललंय? मी समोर बसेल असताना ही मशीन कशापायी?"

देविदासने उदबत्ती जमिनीला घासून विझवली. "सीमाताई आल्त्या, तू चहा टाकाया गेलतीस. तवा बोलल्या मला."

शकुंतलाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "काय बोलल्या?"

"तू दोनदा न्हाई म्हनलीस त्यायला. मला न इचारता."

"तुमाला इचारलं असतं तर तुमी जा म्हनले असते."

"व्हय, म्हनलो असतो."

"अन् मग फळी कोनं धरली असती?"

"तेच तर करून राहिलो दीड महिना," देविदास म्हणाला. "पर सागवान हवा पिऊन राहिलं. माझं डोकं चालना आता."

शकुंतलाबाई पुढे सरकल्या. त्यांनी फळी उचलून उभी केली, टोकावरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि पुन्हा टोकाकडे पाहिलं. कापडाचा पोत बघावा तसं त्या ते लाकूड बघत होत्या.

"हवा इथून शिरते म्हनता?"

"इथून, अन् बुडाच्या बाजूनं."

"मग मेथी लावा की."

देविदासला वाटलं, बाई चिडून काहीतरी बोलतेय. पण त्या उठून घरात गेल्या आणि भिंतीवरचं सूप घेऊन आल्या. बांबूचं सूप, दर उन्हाळ्यात त्या मेथी भिजवून, कागदाच्या लगद्याबरोबर वाटून त्याला लिंपत. लिंपलेल्या सुपातून पीठ गळत नाही, आणि टोपल्यात डाळ ठेवली तर किडाही शिरत नाही. सूप उन्हापुढे धरून त्यांनी त्याला दाखवलं. कुठून उजेडाचा ठिपका येत नव्हता.

"याच्यातून पीठ गळत न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमची हवा काय पिठापरीस बारीक हाय?"

हवा पिठापेक्षा पुष्कळ बारीक असते, हे देविदासला सांगता आलं असतं. पण मेथीचा चिकट बुळबुळीतपणा त्याने बोटांवर अनुभवला होता, आणि वाळल्यावर ते कसं कातड्यासारखं ताणून बसतं तेही पाहिलं होतं. शिवाय बायको दीड महिन्यात पहिल्यांदाच त्या यंत्रात लक्ष घालत होती. तो म्हणाला, कागद नको, खडबड होईल. नुसती मेथी लावू.

त्या रात्री मूठभर मेथी भिजली. सकाळी शकुंतलाबाईंनी ती पाट्यावर लोण्यासारखी वाटली आणि फळीच्या बुडाला आणि दोन्ही टोकांना बोटांनी पातळ हात दिला. फाल्गुनाचं ऊन, तासाभरात खडखडीत वाळलं. वास असा की वसरामकाका रस्त्यावरूनच विचारत आले, भाजी कुणाकडे आहे.

फळी तक्त्यावर ठेवली. देविदासने पेडल दाबलं. काटा विसावर गेला, थरथरला, एकोणिसावर आला आणि थांबला. त्याने बटण बंद केलं. कॉम्प्रेसर गप्प झाला. काटा एकोणिसावरच. त्याने पटाशी लावली, उजव्या हाताने लोटली, डाव्या अंगठ्याने आणि करंगळीने तिचं टोक वळवलं. वेलाचं अख्खं वळण एका दमात निघालं. फळी तसूभर हलली नाही. टाचेने पेडल मागे दाबलं, सुस्स झालं, फळी फिरवली, पुन्हा पुढे दाबलं. दुसरं वळण.

शकुंतलाबाई समोरच्या पोत्यावर बसल्या होत्या. त्यांचे हात मांडीवर होते. एकदा ते आपोआप फळीकडे गेले आणि मध्येच थबकले, मग त्यांनी ते परत घेतले.

तरीही त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत. त्यांनी अट घातली. अख्खा एक चौरंग या यंत्रावर करून दाखवायचा, आणि तेवढा वेळ त्या जागच्या हलणार नाहीत, बोटही लावणार नाहीत. देविदासने सीमाताईंच्याच चौरंगाची फळी घेतली. तीन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. दोघांनीही काट्याकडे पाहिलं. टाकीतल्या ओढीवर फळी तशीच धरलेली राहिली, आणि काटा खाली येईपर्यंत देविदासचं पान पुरं झालं. मग ती दोघं जेवायला बसली. होळीच्या आदल्या संध्याकाळी चौरंग पुरा झाला. शकुंतलाबाईंनी त्याच्यावरून हात फिरवला, पलंगाखालची पेटी ओढून काढली आणि गंजलेल्या सुया एका बाजूला काढू लागल्या. देविदास शेडमधून ते बघत होता. त्याचं गुणगुणणं परत आलं होतं, आणि ते लेंगीचं होतं.

सीमाताईंना होकाराचा निरोप गेला, होळी झाली. सोमवारी सकाळी साडेनवाच्या जीपने शकुंतलाबाई कळमनुरीला गेल्या. ठेवणीतली कांचळी, हातात पेटी. जीपमध्ये बसताना त्यांनी तीन सूचना दिल्या, तिन्ही यंत्राबद्दल.

देविदास कामाला बसला. यंत्र झकास चाललं. तासाभराने त्याच्या लक्षात आलं की आपण बोलतोय. पिंपळाखालच्या घरातली नवी सून कशी आहे हे तो रिकाम्या पोत्याला विचारत होता. त्या दिवशी वसरामकाका नेहमीपेक्षा तासभर आधी आले आणि त्या पोत्यावर बसले. त्यांच्याजवळ बातम्या भरपूर होत्या, पण त्या सगळ्या तीस वर्षांपूर्वीच्या.

शकुंतलाबाई संध्याकाळी परतल्या त्या बोलतच. अकरा बायका आहेत, पंचफुलाबाई नावाची एक मेंढपाळाच्या घरची आहे, तिचा हात फार सुरेख, एक जण सुई धरते ती कुऱ्हाड धरल्यासारखी. बोलता बोलता त्या शेडमध्ये आल्या आणि दिवसभराचं काम बघून एकदम थांबल्या.

"हे तिसरं पान," त्या म्हणाल्या.

देविदासने वाकून बघितलं. तिसरं पान डावीकडे पळालं होतं, आणि त्याच्यामागे चौथं, पाचवं आणि सहावं.

"मशीन धरती बराबर," तो कान खाजवत म्हणाला, "पर सांगत न्हाई."

शकुंतलाबाई हसल्या. पदराने फळीवरचा भुसा झटकला, बिघडलेली पानं कशी सावरता येतील ते बोटाने दाखवलं आणि चुलीकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी देविदास अंघोळ करून शेडमध्ये आला तेव्हा तक्त्यावर नवी फळी ठेवलेली होती. बुडाला मेथी लावून वाळवलेली. वरच्या बाजूला पांढऱ्या खडूने वेल काढला होता, पानंपानं, देठंदेठं, आदल्या दिवशी कळमनुरीच्या बायकांना शिकवलेलाच. शकुंतलाबाई पेटी घेऊन रस्त्याकडे निघाल्या होत्या.

"रेघेच्या भाईर जाऊ नका," त्या न वळता म्हणाल्या.

तिकडे जीपचा हॉर्न वाजला. इकडे देविदासने पेडलवर पाय ठेवून पुढे दाबला, फळी बसली, आणि त्याने पहिल्या पानाच्या खडूवर पटाशी टेकवली.